देवाशी धरलेला अबोला

ताई,

मी डिचोली तालुक्यातली, वय ३९. आमच्या ह्यांचा खाणीवर ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ साली परत बंद. ट्रक दारात उभा राहून गंजला. शेवटी येईल त्या किमतीला काढला आणि हे दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर म्हणून जायला लागले. तेही सोसले. पण पावणेदोन वर्षांमागे ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याचे कळले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मुलगी दहावीत. घरात सासूबाई, आम्ही त्यांना मांय म्हणतो.

भेटेल तो सांगतो, देव पाठीशी आहे, विश्वास ठेव. मला तो कुठेच जाणवत नाही. पहिले वर्ष निर्जळी सोमवार केले. एकदा डायलिसिसच्या दारातच चक्कर येऊन पडले. गेल्या शिगम्यापासून देवाकडे दिवा लावणेच सोडले आहे. मांयला आता नीट दिसत नाही. तिने विचारले की "लावला" म्हणते. यंदा श्रावणात आयतारही (रविवारही) पुजले नाहीत. देवाच्या खोलीकडे पाहिले की रडू येत नाही, राग येतो, आणि मग त्या रागाचीच भीती वाटते.

ह्यांची चुलत वहिनी म्हणते, दिवा बंद केलास म्हणूनच हे खंगताहेत. तिने एक जाणता माणूस गाठून दिला आहे. घराण्याच्या देवाचा कोप आहे, शांत करावी लागेल, ४०,००० रुपये होतील, असे तो सांगतो. गळ्यातले विकले तर होतील.

रोज सकाळी ह्यांच्या हातावर बोटे ठेवून डायलिसिससाठी तिथे केलेला फिस्टुला चालू आहे ना ते बघते, नर्सने शिकवले तसे. आत गुरगुर लागली की चहा टाकते. तेवढीच माझी पूजा उरली आहे.

माझी श्रद्धा कमी पडली का? देव खरेच सदा बरोबर असतो, की ही आपली समजूत? खरे काय ते लिहा. गुळगुळीत नको.

— एक बहीण


बाय,

गुळगुळीत नको म्हणालीस, तर आधी गळ्यातल्याचे बोलू. विकू नकोस. त्या जाणत्याला एक रुपया देऊ नकोस. देवाचा कोप ४०,००० रुपयांत मोजून देणारा माणूस देवाचा हिशेबनीस कधीपासून झाला, हे तुझ्या जावेला माझ्या नावाने विचार. वाईट वाटले तर वाटू दे.

आणि तारखा जुळव ना जरा. किडन्या गेल्याचे कळून पावणेदोन वर्षे झाली. दिवा बंद झाला शिगम्यापासून. म्हणजे किडन्या जात होत्या तेव्हा तुझा दिवा रोज लागत होता. त्यानंतरचे वर्ष तर तू पाण्याचा थेंब न घेता सोमवार करत होतीस. मग कोप कशाचा? किडन्या बहुतेकांच्या जातात त्या वर्षानुवर्षे अंगात मुरलेल्या मधुमेहाने, नाहीतर रक्तदाबाने. दुखत नाही, खुपत नाही, कळेपर्यंत काम झालेले असते. खाणीच्या धुळीत दिवसाला खेपांमागून खेपा मारणाऱ्या आमच्या पोरांचा रक्तदाब त्या वर्षांत कुणी तपासला होता, सांग. हप्ता भरला का, एवढेच विचारले सगळ्यांनी.

पण याच तारखांवरून दुसरेही काही निघते, आणि ते तू पत्रात लिहिले नसलेस तरी तुझ्या मनात आहे. दिवा लावत असतानाही किडन्या गेल्याच. मग दिव्याचा उपयोग काय? बरोबर आहे तुझे. दिवा म्हणजे नळाची तोटी नव्हे, फिरवली की कृपा सुरू, बंद केली की बंद. आपल्याला लहानपणापासून निम्मे तसेच शिकवलेले असते, मीही शाळेत पोरांना तसेच शिकवले असेन. ते खोटे ठरले म्हणून तू देवावर रागावली आहेस. खोटे ठरायलाच हवे होते.

आता माझे सांगते. एरवी या सदरात मी स्वतःचे फारसे लिहीत नाही, पण तुला न सांगता काही लिहिले तर ते गुळगुळीतच होईल.

२६ वर्षांमागे माझे यजमान मेंदूत रक्तस्राव होऊन बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात १९ दिवस होते. मुलगा आठवीत. मी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून जप करायची. तोंडाने नाम आणि डोक्यात एकच, फोंड्याची शेवटची कदंब बस चुकणार तर नाही ना. माळ संपायची, परत सुरू करायची. देव काही जाणवला नाही. जाणवला तो फिनेलचा वास.

त्याच बाकावर बाणावलीची एक मासे विकणारी बाई असायची. तिचा मुलगा बायकवरून पडला होता. ती तेर्स (ख्रिस्ती माळेची प्रार्थना) म्हणायची, मी जप करायची, आणि दोघींचे फारसे पटायचे नाही, कारण तिचा आवाज मोठा आणि मी मास्तरीण. पाचव्या की सहाव्या दिवशी तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. पेज आणि बाजूला सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. मी म्हटले, आज सोमवार. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पैसे न देता मासळी उचलली आहे. म्हणाली, "सोमार देवाचो, भूक तुजी." बांगडा तिने परत घेतला, पिशवीतून खाऱ्यातले तोर (कोवळ्या कैऱ्या) काढले, हातानेच फोडून पेजेत टाकले. मी खाल्ली. दोन दिवसांत पोटात चहाशिवाय काही गेले नव्हते, ते खाताना कळले.

ती बाई म्हणजे देव होती, असे काही मी म्हणणार नाही. असल्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर सकाळी सकाळी फार येतात. ती बाणावलीची बाई होती, दुसऱ्या दिवशी जागेवरून माझ्याशी भांडलीही. तिचा मुलगा बाराव्या दिवशी घरी गेला. माझे यजमान एकोणिसाव्या दिवशी गेले.

तेव्हा बाय, देवावर विश्वास ठेवला की माणूस वाचतो, हे तुला मी कुठल्या तोंडाने सांगू? सुतक फिटले तरी मी देवाच्या खोलीत गेले नाही. तुझ्यासारखाच अबोला. शेजारीण येऊन फुले ठेवून जायची, मी दार ओढून घ्यायची. आठ महिने. मग एका पावसाळी रात्री फ्यूज उडाला. मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. मेणबत्ती सापडेना, चाचपडत गेले आणि हाताला लागले ते निरांजन. वात वळली, तेल घातले, लावले, आणि त्या उजेडात स्टुलावर चढून फ्यूजची तार बसवली. दिवे आले. खाली उतरून निरांजन ठेवायला गेले तर समोर तोच. मी मोठ्याने म्हटले, "झाले आता समाधान?" आणि मग जे सुरू झाले ते तासभर. जे जे आठ महिने कुणाला बोलले नव्हते ते सगळे. शिव्याही घातल्या. मुलगा पुस्तक घेऊन दारात उभा होता, तो हळूच परत गेला.

त्या रात्री काही साक्षात्कार झाला नाही. झोप मात्र लागली. खूप दिवसांनी मी कुणाशी तरी बोलले होते, एवढेच कळत होते. पुढे कधीतरी भाजी चिरताना मनात आले, समोर कुणीच नव्हते तर मी तासभर भांडले कुणाशी?

तुला तुझ्या रागाची भीती वाटते म्हणतेस. आपल्याकडे देवापुढे उभे राहून काय करतात ते आठव. अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आमचे भटमाम घराण्याच्या वतीने सांगणे करतात, तुमच्या बाजूला, पेडण्याकडे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे या शब्दाचा अर्थच तक्रार. शेजाऱ्याची बकरी परसात शिरली तरी गाऱ्हाणे आणि देवापुढे नारळ ठेवला तरी गाऱ्हाणे, शब्द एकच. आमच्या वाडवडिलांना देवापाशी जायचे ते तक्रार घेऊनच, याची कधी लाज वाटली नाही. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करायची आणि एकेक करून सगळे पुढ्यात मांडायचे, अमक्याला नोकरी नाही, तमकीची कूस उजवत नाही, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारायचा. तक्रार ऐकायला कुणी आहे असे धरल्याशिवाय कुणी तक्रार करते का? संतांनी तरी काय केले? जनाबाईने विठ्ठलाला शिव्या दिल्या, नामदेव त्याच्याशी रुसले. तुकोबांच्या घरावर १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात काय कोसळले ते तू शाळेत शिकली असशील. धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतरचे त्यांचे देवाशी बोलणे काही गोडगोड नाही. त्यांना कुणी नास्तिक म्हटले नाही.

तू गप्प बसली आहेस हे मला रागापेक्षा जड वाटते. राग आला तर खोलीत जा आणि बोल. कडी लाव हवी तर. मुलगी ऐकेल म्हणून घाबरू नकोस. आई देवाशी भांडते हे मुलीने ऐकलेले बरे, आई आतल्या आत विझत गेलेली पाहण्यापेक्षा.

आता तुझा मुख्य प्रश्न. सदा बरोबर असतो का?

तू डिचोलीची आहेस म्हणून विचारते, नार्व्याला सप्तकोटेश्वराकडे कधी गेली आहेस का? गेली असशीलच. त्याची गोष्ट नुसती इतिहासाच्या पेपरासाठी पाठ करून सोडायची नव्हे. हा देव मुळात दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचा. पोर्तुगीजांनी १५४० च्या सुमाराला बेटावरची देवळे पाडली तेव्हा त्याचेही देऊळ गेले. आणि परंपरा सांगते की त्याचे लिंग तिथल्याच एका विहिरीच्या बांधकामात बसवले होते. लोक पाणी काढायचे, दोर त्याच्या अंगाला घासत राहायचा. मग काही जणांनी रात्री ते काढले, होडीत घातले, नदीपार डिचोलीत आणले. तिथे साधेसे देऊळ उभे राहिले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. इतके सगळे होईपर्यंत शंभराहून जास्त वर्षे गेली.

मी जेव्हा जेव्हा तिथे जाते तेव्हा मला महाराज आठवत नाहीत, ती विहीर आठवते. कितीतरी बायका घागर घेऊन आल्या असतील. मनात म्हणत असतील, आपला देव गेला, आपल्याला टाकून गेला. आणि ज्या दगडावर दोर टेकवून त्या पाणी शेंदत होत्या तो तोच. त्यांना जाणवले असेल का? मला नाही वाटत. तिन्हीसांजेला दमलेल्या बाईला घागरीचे वजन तेवढे जाणवते.

अंत्रुजातल्या देवांचीही तीच कथा. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. १५६० सालीच गोव्यात इन्क्विझिशन आले होते. गावे सोडून पळणाऱ्या लोकांनी देवाला पोत्यात, पालखीत, मिळेल तसे झुवारी पार करवले. आज आपण संगमरवरावर उभे राहून दीपमाळ पाहतो, फोटो काढतो, आणि विसरतो की ही सगळी निर्वासितांची देवळे आहेत. देऊळ पडले ते पडलेच, ते काही चमत्काराने वाचले नाही. घरे गेली, शेते गेली, माणसे गेली. देवाने ते थांबवले नाही. लोकांबरोबर मात्र तो गेला. का थांबवले नाही, हे मला कळत नाही. यजमानांचे का थांबवले नाही, तेही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर जो तडकाफडकी देईल त्याच्यापासून लांब राहा, मग तो जाणता असो की कीर्तनकार. पण बरोबर असणे आणि थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मला या वयात कळले आहे. तू दोन्ही एकच धरून बसली आहेस. मीही आठ महिने तेच करत होते.

तू फिस्टुल्याचे लिहिलेस ते मी दोनदा वाचले. शीर आणि धमनी जोडून केलेला तो सांधा, आत रक्त जोरात धावते म्हणून बोटाला गुरगुर लागते. तू बोट ठेवतेस तेव्हा ती लागते. पण तू झोपलेली असतेस, भात गाळत असतेस, बसची वाट पाहत असतेस तेव्हाही त्या हातात ती चालूच असते. जाणवणे तुझ्या बोटाचे काम आहे, आणि बोटे कधीकधी बधिर होतात. पावणेदोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस मशीनशेजारी चार-चार तास काढणाऱ्या बाईची बोटे बधिर नाही झाली तरच नवल. (ही उपमा पुरती जुळत नाही हे मलाही कळते. फिस्टुला बंद पडू शकतो, म्हणूनच तर तुला रोज बघायला सांगितले आहे. एखाद्या सकाळी गुरगुर लागली नाही तर चहा न टाकता आधी डायलिसिसवाल्यांना फोन करायचा, हे तुला माहीत असेलच.)

तर श्रद्धा कमी पडली का? जाणवण्यावर श्रद्धा मोजली तर माझी तेव्हा शून्य होती, आजही वर्षातले कितीतरी दिवस शून्यच असते. न जाणवता तू पहाटे उठतेस, त्यांचे पाणी मापाने भरून ठेवतेस, हातावर बोटे ठेवतेस. "तेवढीच माझी पूजा" असे तू उपहासाने लिहिलेस. ते वाक्य तसेच ठेव, फक्त त्यातला उपहास काढ.

आता काही साध्या गोष्टी, कारण देवाचे बोलता बोलता आपण देहाचे विसरतो.

निर्जळी उपास बंद. सोमवार तर त्यांच्या डायलिसिसचा दिवस, त्या दिवशी तू चक्कर येऊन पडलीस तर दोघांना कोण सांभाळणार? तुला सोमवार करायचाच असेल तर एक वेळ भात खाऊन कर. देव त्याबद्दल भांडायला येणार नाही, आला तर बाणावलीच्या बाईकडे पाठव.

त्यांना शहाळे देऊ नकोस, देवाला वाढवलेल्या नारळाचे पाणीही नको. माणसे प्रेमाने पाजतात, "नारळाचे पाणी, काय होते!" म्हणून. त्यात पोटॅशियम असते. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते साचले की हृदय थांबण्यापर्यंत गोष्ट जाते. तीर्थाची एक पळी तळहातावर घेतली तर घेऊ दे, पाण्याच्या मापात धर म्हणजे झाले. केळ्यांचा प्रसादही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. गावठी काढे तर नकोच नको. आणि तुझ्या परसात करमलांचे (स्टारफ्रूटचे) झाड असेल तर त्यांना बजावून सांग. करमल किडनीच्या रोग्याला विषासारखे आहे, मेंदूवर जाते, उचकी लागते, झटके येतात. तुमच्या-आमच्यासाठी नुसते आंबट फळ.

घराण्याच्या देवाकडे जाऊन प्रसाद, म्हणजे पाकळ्यांचा कौल, घ्यावासा वाटला तर अवश्य घे. पाकळी उजवी पडली की मन हलके होते, मी पाहिले आहे. पण तिथे विचारायचे ते मनाचे. औषध घ्यायचे की नाही, डायलिसिस कमी करायचे की नाही, हे पाकळ्यांना विचारायचे नसते. तो प्रश्न देवाला घालणे म्हणजे त्याच्यावर उगाच जबाबदारी ढकलणे. आणि तिथल्या दक्षिणेसाठी कुणाचे गळ्यातले विकावे लागत नाही.

पैशांचे: दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड काढले आहेस का? २०१६ पासून ही योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि चार किंवा जास्त माणसे असतील तर ४ लाखांपर्यंतच्या उपचारांचा खर्च सरकार उचलते. तुम्ही घरात चौघे. कुठल्या उपचारांना ते चालते ते हॉस्पिटलातल्या समाजसेविकेला विचार, त्या बायांना सगळे ठाऊक असते, फक्त आपण विचारायला लाजतो. गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधार योजनेचेही बघ.

आणि तू स्वतः. रडू न येणे, सगळ्याचा राग येणे, आणि कशाचेच काही न वाटणे, हे फक्त श्रद्धेचे दुखणे नसते. वर्षानुवर्षे आजारी माणसाची सेवा करणाऱ्याच्या मनालाही आजार होतो. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्थाही आहे. तिथे जाणे म्हणजे देवावरचा विश्वास उडाला असे नाही. दात दुखला की आपण दाताच्या डॉक्टरकडेच जातो, तेव्हा देवाला कुठे विचारतो? आणि कधी रात्री जीवच नको असे वाटले तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी फोन लाव. मला तसे वाटले होते एकदा. म्हणून लिहिते.

राहिली मांय. तिला खरे सांगून टाक. तुला वाटते तिला दिसत नाही म्हणून कळत नाही. बाय, सासूला दिसत नसेल, तेलाचा वास येतो की नाही ते तिला कळते. शिगम्यापासून ती विचारते आहे, तू "लावला" म्हणतेस, आणि ती गप्प राहते. मला वाटते ती तुझी परीक्षा घेत नाही, तुझी चौकशी करते आहे. मुलगा तिचा आहे, तिनेही कुठे रडावे? तिला म्हण, मांय, माझ्याने होत नाही, तू लाव. हाताला धरून ने, वात तू वळून दे, काडी तिला ओढू दे, चटका बसणार नाही तेवढे तू बघ. तुझा अबोला चालू राहिला तरी चालेल. घरातल्या एकीने बोलले तरी पुरते. माझ्या शेजारणीने आठ महिने माझ्या देवाला फुले घातली, मी तिला कधी आभाराचे 'देव बरें करूं' सुद्धा म्हटले नाही.

दिवा कधी लावायचा ते तुझे तू ठरव. कुणी भीती घालते म्हणून लावू नकोस.

चवथ जवळ आली आहे. यंदा थाटमाट नको, दीड दिवसांचा गणपती करा. घुमट वाजवायला पोरे आली तर येऊ देत, आरतीला तुझा आवाज निघाला नाही तर टाळ नुसता हातात धर. माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट) मुलीला बांधू दे, ती दहावीत आहे म्हणून तिला अभ्यासाला बसवून ठेवू नकोस, एका दिवसाने मार्क कमी होत नाहीत. नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड, आंबाडे, जे परसात आणि बाजारात मिळेल ते. करमलांचा घोसही तिने बांधला तर बांधू दे, दिसतो सुंदर. फक्त विसर्जनानंतर माटोळी उतरवाल तेव्हा ती करमला मोजून घे आणि शेजारी देऊन टाक. ह्यांच्या हाताला लागू देऊ नकोस.